चारातला एक

आमच्या कंपनीत दर उन्हाळ्यात बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं एक दिवसाचं शिबिर भरतं. त्यात जेवणाआधीचा अर्धा तास माझ्याकडे असतो. विषय ठरलेला, डीएनए म्हणजे काय. नवीन जालन्यातला हॉल, दीडदोनशे माणसं, कूलरची घरघर, मागच्या रांगेत मोबाइल. मी उभी राहते आणि म्हणते, "सरकीला कोण सांगतं हो, पान कसं काढायचं अन् बोंड कुठं धरायचं?" मोबाइल खाली जातात. हे वाक्य माझं नाही. त्यानंतरची दहाबारा वाक्यंही माझी नाहीत, सगळी अंबादासरावांची आहेत. लोक टाळ्या वाजवतात, कंपनीचे शेटजी मान डोलावतात आणि मी खाली बसून जेवणाची वाट बघते. मला त्याचं काही वाटत नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही, हेही सांगून टाकते.

अंबादासराव आमच्याकडे प्लॉटवर देखरेख करायला होते. गाव टेंभुर्णी. कापसाचं संकरित बियाणं ज्या वावरांत तयार होतं, ती सगळी त्यांच्याकडे. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं लेकरू. वावरात एकीकडे नर वाण लावतात, एकीकडे मादी. दुपारनंतर बाया मादीच्या कळीतले परागकोश नखानं काढून टाकतात आणि कळीला लाल दोरा बांधतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं. हे फिरवणं उन्हं चढायच्या आत, अकरापर्यंत. एखादी कळी हुकली तर ती आपल्याच परागानं फळते, आणि त्या बोंडातलं बी नुसतंच मादीचं निघतं. याला आम्ही भेसळ म्हणतो. अंबादासराव नराला जावई म्हणायचे आणि मादीला लेक. बांधावरून विचारायचे, "जावयाला आज कितीला आणलं?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ते स्वतः कधी हसायचे नाहीत.

माणूस उंच, वाळका, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक कधीच चालायचं नाही, पण तेही रोज असायचं. ओळीतून चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधून अंग तिरपं करायचे, पानाला सदरा लागू द्यायचे नाहीत. पिकात कसं वागावं हे त्यांनी मला कधी तोंडानं सांगितलं नाही, पण माझ्या ओढणीला एकदा कळी अडकून तुटली तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी त्याचा मामा कोण ते विचारायचे. माझाही विचारला होता. मी अंबडच्या मामाचं नाव सांगितल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि माझ्या आजीच्या भावापर्यंत पोचले. अर्ध्या जाफराबाद तालुक्याची सोयरीक त्यांच्या डोक्यात होती. वाणांची सोयरीकही तशीच, कोणत्या लेकीचा कोण जावई, त्याचे आईबाप कोण, एका दमात सांगायचे. "खाण तशी माती" हे त्यांचं आवडतं बोलणं. कापसाबद्दल बोलून राहिलेत की माणसाबद्दल, हे ओळखू यायचं नाही.

मी कामाला लागले तेव्हा कंपनीची लॅब नवी होती. त्याआधी बियाण्याची शुद्धता बघायची म्हणजे नमुन्याचं बी पेरायचं, झाडं मोठी होऊ द्यायची आणि अंबादासरावांना फिरवायचं. ते बोट दाखवतील ते झाड भेसळीचं. आता मी कोवळ्या पानावरून आठवड्यात सांगायला लागले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा चिडणार. ते एके दिवशी लॅबच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ते डीएनए म्हंजे नेमकं काय हो? समदे बोलून राह्यले, दाखवत कोणीच न्हाई."

मी दाखवला. पान वाटलं, मिठासाबणाच्या पाण्यात ढवळलं, गाळलं, वरून थंडगार स्पिरिट सोडलं. पांढरे तंतू वर आले, ते काचेच्या कांडीवर गुंडाळून त्यांच्या पुढे धरले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "हे? हे तर शेंबूड." मग बराच वेळ बघत राहिले. मी सांगितलं, ही फार लांब, फार बारीक दोऱ्यांची गुंडी आहे. प्रत्येक दोरा दुहेरी, एकमेकाला पीळ घातलेला. त्यावर चारच अक्षरं, तीच पुढेमागे लिहिलेली, कोटीच्या कोटी. एका पदरावर एक अक्षर असलं की समोरच्या पदरावर त्याचं जोडीचं ठरलेलं, म्हणून दोन पदर उसवले तरी एकावरून दुसरा बराबर तयार होतो. झाड वाढतं तेव्हा प्रत्येक पेशीत ही नक्कल जाते. पान कसं काढायचं, बोंड कुठं धरायचं, सगळं त्या लिखाणात.

"चारच अक्षरं?"

"चारच. कापसात तीच, बैलात तीच, तुमच्याआमच्यात तीच. क्रम तेवढा वेगळा."

त्यावर त्यांनी ते सरकीचं वाक्य म्हटलं. मला विचारलं नव्हतं, स्वतःशीच म्हटलं होतं. मी ते दुसऱ्याच उन्हाळ्यापासून वापरायला लागले.

पुढे ते लॅबचे वकील झाले. एकदा जाफराबादकडचा एक शेतकरी तावातावानं आला, त्याचा अख्खा माल नापास झाला होता. तुमचं मशिन खोटं, म्हणत होता. मी त्याला समजावत होते आणि तो जास्तच भडकत होता. अंबादासरावांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, त्याचा मामा कोण ते विचारलं आणि मग तपासणीत डीएनएच्या ज्या पट्ट्या उमटतात त्यांचा फोटो त्याच्या पुढे धरला. "ही वरची पट्टी लेकीची. ही खालची जावयाची. पोर दोघांचं असलं तर दोन्ही पट्ट्या पाहिजेत. निम्मं आईचं, निम्मं बापाचं, त्यात उधारी न्हाई. आता तुझं बघ. धापैकी तिघांत जावई हायेच कुठं?" शेतकरी फोटोकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, गावात लग्न होतं, दोन दिवस बाया आल्याच नाहीत. अंबादासराव म्हणाले, "मंग मशिन कशाला खोटं बोलंल?"

माझ्याशी त्यांनी एकदाच पैज लावली. नमुन्याच्या एका प्लॉटमध्ये त्यांनी नजरेनं सात झाडं काढली, मी पानं तपासून नऊ काढली. सात तीच. राहिलेल्या दोन झाडांपुढे ते सकाळभर उभे होते. उंची तीच, पान तेच, फूल तेच. दुपारी लॅबमध्ये येऊन त्यांनी पेन काढलं आणि माझ्या वहीत नऊच्या आकड्यापुढे सही केली. "दिसत न्हाई मॅडम, पण हाय."

त्याच वर्षी त्यांनी मला ठिपक्याचं कोडं घातलं. एका वाणाच्या फुलात पाकळीच्या बुडाशी लाल ठिपका असतो, एकात नसतो. दोघांचा संकर केला की सगळ्या झाडांना ठिपका येतो. पण त्या झाडांचं बी शेतकऱ्यानं घरी ठेवून पुन्हा पेरलं, तर चारात तीन ठिपक्याची आणि एक बिनठिपक्याचं येतं. हे त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं. त्यांचा प्रश्न एवढाच, की आईबाप दोघं ठिपक्याचे, तर हे बिनठिपक्याचं आलं कुठून?

मी सांगितलं. प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिलेली असते, एकदा आईकडून, एकदा बापाकडून. ठिपक्याचं अक्षर एक असलं तरी ठिपका दिसतो, आणि बिनठिपक्याचं त्याच्या मागे गप बसून राहतं. पिढ्या जातात, कळत नाही. दोन्हीकडून तेच गपचूप आलेलं अक्षर एकाच पोटी पडलं, की ते वर येतं. माझी जीभ सैल सुटली होती, म्हणून पुढे हेही बोलले, की माणसाचं असंच असतं. घरात लपलेलं एखादं वाईट अक्षर असलं तर ते बहिणीकडेही जातं, भावाकडेही. मग भावाची पोरगी बहिणीच्या पोराला दिली, की ती दोन अक्षरं समोरासमोर यायची शक्यता वाढते. अंबादासराव ऐकत होते. चहा आला, तो बशीत ओतून प्यायले आणि प्लॉटवर गेले.

दोन वर्षांनी ते पत्रिका घेऊन आले. थोरली पोरगी, अनिता, बहिणीच्या मुलाला दिली होती. बहिणीला ते आक्का म्हणायचे, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं. अनिता पाळण्यात असताना आक्कानं तिच्या कपाळाला कुंकू लावून "माझ्या विलासला ही" असं म्हटलं होतं. आपल्याकडे हे नवीन नाही. माझ्या स्वतःच्या घरात अशी तीन लग्नं आहेत. अंबादासराव म्हणाले, "घरातलं घर. चौकशीचा खर्चा न्हाई, पोरगं डोळ्यादेखत वाढलेलं. दोघं कसे निरोगी हायेत." निरोगी म्हणताना माझ्याकडे बघत होते का, ते मला आज सांगता येणार नाही. मी म्हटलं, अभिनंदन.

लग्नाला टेंभुर्णीला गेले. मांडवात मला ते ठिपक्याचं बोलणं आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं, ताटात जिलबी वाढत होते तेव्हा. एक साधी रक्ततपासणी असते, लग्नाआधी दोघांची करता येते, एवढं बोलायचं होतं, आणि तेही पत्रिका दिली त्या दिवशीच. मनात म्हटलं, आपण कोण, कापसाच्या लॅबवाले. शंभरांत नव्वद घरांत काही होत नाही. शुभकार्यात अपशकुन कशाला. मी जिलबी खाल्ली, अनिताला साडी दिली, आले.

ओम झाला. सहा महिन्यांचा असताना पांढरा पडायला लागला. आधी नजर लागली म्हणून झालं, मग टॉनिक झालं, मग कुणीतरी संभाजीनगरला पाठवलं. अंबादासराव लॅबमध्ये फाइल घेऊन आले, चपला काढल्या आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवली. थॅलेसेमिया मेजर. अनिता आणि विलास दोघांत एकेक लपलेलं अक्षर, दोघं धडधाकट. ओमला दोन्हीकडून तेच आलेलं. रक्ताचा लाल रंग बनवायचं जे लिखाण, त्यात एका जागी चूक, म्हणून त्याचं रक्त टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त भरायचं. जन्मभर. हे सगळं मी त्यांना सांगितलं, तेच दोरे, तीच अक्षरं. त्यांनी खिशातलं पेन काढून नमुन्याच्या पाकिटावर चार टिंबं काढली आणि त्यातल्या एकाभोवती गोल केला. "ठिपक्यावानीच. चारात एक."

मी हो म्हटलं. तेवढ्यात फोन आला, माल पाठवायचे दिवस होते, मी फोनवर बोलत राहिले. ते पाकीट खिशात घालून निघून गेले. त्यांना काय समजलं, हे मी विचारलं नाही.

काय समजलं ते मला दीड वर्षानं कळलं. भाद्रपदात ते लॅबमध्ये आले, बऱ्याच दिवसांनी चेहरा जरा मोकळा होता. अनिताला दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. दोन महिने झाले होते. अनिता घाबरत होती, नकोच म्हणत होती, पण यांनी तिला बसवून समजावलं होतं. "मी म्हणलं, पोरी, भिऊ नको. चारात एक खराब असतो, तो आपल्याला झाला. आता राह्यलेले तीन बिलकुल चांगले."

मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. या वेळी बोलले, एवढं माझ्या बाजूनं लिहा. म्हटलं, अंबादासराव, तसं नसतं. दर वेळी नव्यानं चिठ्ठी निघते. ओमच्या वेळी जेवढा धोका होता, तेवढाच याही वेळी. आधीचं मूल कसं झालं, हे पुढच्याला माहीत नसतं.

ते टेबलाच्या कडेला टेकले. तीस वर्षं त्यांनी चारात एक मोजला होता आणि तो दर वेळी बराबर आला होता. त्यांनी हळूहळू सांगितलं, मला नाही, स्वतःलाच. "प्लॉटमध्ये चारशे झाडं असतात. घरात एकच असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी पोरीला प्लॉटचा हिशोब सांगितला, मॅडम."

पोटातल्या बाळाची तपासणी होते. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेतला बारीक तुकडा घेतात आणि त्याचा डीएनए वाचतात. मुंबईला जावं लागलं. विलास आणि अनिता गेले, ओमला आक्काकडे ठेवलं. अहवाल इंग्रजीत येणार, म्हणून अंबादासरावांनी तिथं माझा नंबर द्यायला लावला. रोज सकाळी प्लॉटवरून फोन करायचे, "आलं का काही?" मी नाही म्हणायचे. एवढंच बोलणं. दोन आठवडे असे गेले. त्या दिवसांत मी पानं वाटत होते, पट्ट्या बघत होते, नापास मालावर नापास लिहीत होते. हाताला काम कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं.

पुढचं आधीच सांगते, म्हणजे कुणाला वाट बघायला नको. अहवाल वाईट होता. अनितानं ते मूल ठेवलं नाही. ओम आता सात वर्षांचा आहे, शाळेत जातो, दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जातो. अंबादासरावांनी त्या हंगामानंतर काम सोडलं. पुन्हा लॅबमध्ये आले नाहीत. मीही टेंभुर्णीला गेले नाही, रस्ता तासाभराचा आहे तरी.

अहवाल माझ्या फोनवर आला तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. हे फोनवर सांगायचं नाही, एवढं तरी मला कळलं. मी कागद छापला, पर्समध्ये घातला आणि कंपनीची गाडी घेऊन त्यांच्या प्लॉटवर गेले. मादीच्या ओळीत बाया वाकून होत्या, प्रत्येकीच्या ओटीत नराची फुलं. अंबादासरावांनी मला लांबूनच बघितलं. ऐन हंगामात, कामाच्या वेळी, लॅबची बाई वावरात का येते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते बांधापर्यंत आले आणि म्हणाले, "अकरापर्यंत बसा मॅडम. फुलं खोळंबली हायेत."

मी बांधावर बसले. दीड तास. ते ओळीओळीनं फिरत होते, हात पाठीमागे. एका बाईनं कळी सोडली ती त्यांनी मागं फिरून दाखवली. दुसरीला म्हणाले, जल्दी करा, ऊन वाढून राह्यलं. आवाज रोजचाच. मी रडेन असं वाटत होतं, पण तसलं काही झालं नाही. पाय भरून आले, ते झटकून मी तशीच बसून राहिले.

अकराला बाया भाकरी खायला लिंबाखाली गेल्या. अंबादासरावांनी हौदावर हात धुतले, रुमालाला पुसले आणि माझ्याशेजारी बसले.

"तसंच?"

"तसंच. ओमसारखंच."

त्यांनी कागद मागितला. वाचता येत नव्हता तरी वरपासून खालपर्यंत बघितला. "मीच सांगतो तिला. काळजी करू नको म्हणाया मीच गेल्तो ना. पुढं काय करायचं ते ती अन् विलास ठरवतील. मी ठरवून एकदा झालं."

तेव्हा मी बोलले. म्हटलं, अंबादासराव, लग्नाच्या वेळी मला हे आठवलं होतं. तुम्ही पत्रिका द्यायला आलात तेव्हाच तपासणी करा म्हणायला पाहिजे होतं. मी बोलले नाही.

"मला बी आठवलं व्हतं," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलेलं समदं आठवलं व्हतं."

ते उठले. मोटारसायकल आंब्याखाली होती. कागदाची चौघडी करून त्यांनी वरच्या खिशात, पेनांच्या मागे ठेवली, किक मारली. गाडी चालू झाली. मग ती तशीच चालू ठेवून ते उतरले आणि बांधावरून परत माझ्यापर्यंत आले. रागात नव्हते. आवाज चढलेला नव्हता. मला खरंच माहीत करून घ्यायचंय, अशा चेहऱ्यानं त्यांनी विचारलं.

"माझी तर बहीण व्हती, मॅडम. तिला न्हाई म्हणाया माझी जीभ उचलली न्हाई. तुमची ती कोण लागत व्हती?"

 ते वळले, चालू गाडीवर बसले आणि अनिताच्या घराकडे निघून गेले.